जावयाचं आमेन

सुट्टी मिळाली की जावई दोर घेऊन कडे चढायचा आणि रविवारी चर्चमध्ये छाती फुगवून साक्ष द्यायचा, "पाय निसटला, पण प्रभूने झेललं!" प्रभूला याला झेलण्यावाचून दुसरा धंदाच नाही जणू! सासूबाईंचं डोकं फिरायचं. लेकीचे दिवस भरत आले होते, तरी स्वारी येत्या शनिवारी पुन्हा निघालीच होती.

या रविवारी त्याची साक्ष संपताच सासूबाई प्रार्थनेला उठल्या. सगळ्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, पोरगी सुखरूप बाळंत होईपर्यंत घरी बसायची अक्कल जावयाला दिलीस, तुझे उपकार."

"आमेन!" सवयीने सगळ्यांत मोठ्याने जावईच ओरडला, आणि मग त्याचे डोळे खाडकन उघडले.

"जावईबापू," सासूबाई खाली बसत म्हणाल्या, "तो दोर आणून द्या. पाळण्याला होईल."