पाच अंशांनी चुकलेली तोफ

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. पण लढाई मी कधी पाहिली नाही. येरवड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. हातभर पितळी नळी, आत स्प्रिंग, बाजूला अंश दाखवणारी चकती, एवढीच मी. उद्या खंडेनवमी. मला हळदीकुंकू लागेल. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकावी म्हणते. मनात ठेवून पूजा घेववत नाही.

कासिममिस्त्रींनी मला लेथवर घडवलं. तेव्हापासून मुलं माझ्यातून लोखंडी गोळी उडवतात. गोळी पडते तिथे कार्बनपेपरचा ठिपका उमटतो. एकाच वेगाचे दोन वाटे, एक आडवा, एक उभा, हे त्या ठिपक्यांवरून कळतं. तीस अंशांना आणि साठ अंशांना गोळी एकाच जागी पडते, ते पाहून कुणीतरी "अरे, खरंच की," म्हणतं. तेवढ्यावर मी सुखी होते.

मागच्या खंडेनवमीला प्रयोगशाळा झाडणाऱ्या गोदामावशींनी माझी चकती काढून चिंचेनं लख्ख घासली आणि परत बसवली. ती पाच अंश तिरकी बसली. मावशींना ते कळणार कसं? मला कळलं होतं. पण सगळे माझी चमक वाखाणत होते, आणि मी त्यातच रमले.

दिवाळीनंतर अकरावीची सुहाना प्रयोगाला आली. तिला तीस अंशांना दीडशे सेंटिमीटर आले, साठला एकशे तेवीस. तिनं तीन-तीनदा गोळी उडवली. बाकीच्यांनी एकदाच उडवली आणि ठिपका न मोजता, दिलेल्या वेगावरून सूत्रानं गणित करून दोन्हीकडे एकशे एकोणचाळीस लिहिलं.

"सुहाना, तुझ्यासाठी वेगळी पृथ्वी मागवलीय का?" शुभंकर म्हणाला.

उत्कर्षा मॅडमनी तिचं जर्नल पाहिलं. "व्हेक्टर कळले नाहीत, की फूटपट्टी कळली नाही?"

"मॅडम, तीनदा घेतलं. असंच येतंय."

"आणि बाकी वीस जणांना बरोबर आलं. नीट करून आण, नाहीतर सही विसर."

सहीशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. सुहानानं पान फाडलं. माझ्यासमोर बसूनच तिनं एकशे एकोणचाळीस लिहिलं, दोनदा. मॅडमनी सही केली, वर 'गुड' लिहिलं. मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडले असते, असं म्हणायलाही आता लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दुसऱ्या तुकडीसमोर स्वतः गोळी उडवली. दोन ठिपके वीतभर लांब पडले. त्यांनी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, मला त्याच्याशी सरळ उभं केलं. चकतीवर नव्वद हवे होते, पंच्याऐंशी दिसले. तास संपल्यावर त्यांनी सुहानाला बोलावून घेतलं.

"तुझं ते पहिलं पान आण."

"फाडलं, मॅडम."

मॅडमनी तिच्या जर्नलातली स्वतःची सही खोडली. "चूक माझी होती गं. तोफ न तपासता तुला खोटं ठरवलं. चल, परत घेऊ."

चकती जागेवर बसली. तीसला एकशे एकेचाळीस आले, साठला एकशे अडतीस. सुहानानं पेन उचललं, पण लिहिलं नाही. आधी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"जे आलं ते लिही," मॅडम हळूच म्हणाल्या. तेव्हा कुठे तिनं लिहिलं.

मित्रांनो, त्याआधी ती मुलगी लिहिताना फक्त फूटपट्टीकडे बघायची. माझी चकती एक स्क्रू पिळून सरळ झाली. तिचं ते आधी मॅडमकडे बघणं कसं सरळ करायचं, मला ठाऊक नाही. म्हणून हात जोडून सांगते, मला घासा न घासा, वापरण्याआधी ओळंबा मात्र लावून बघा. आणि कुणाचं उत्तर वेगळं आलं, तर त्याला हसण्याआधी एकदा माझ्याकडे संशयानं बघा.