चार वाजताचं शूटिंग

अर्बनने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि लगेच मिटलं.

समोर स्टुलावर बसलेल्या बाईंकडे त्याने पाहिलं नाही. टेबलावरचा दिवा थोडा खाली ओढला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग खुर्ची किंचित फिरवून, त्यांना दिसणार नाही अशा बेताने, झाकण परत उघडलं. फिल्मची काळी डबी जिथे बसते ती जागा मोकळी होती. फिल्म जिच्यावरून सरकते ती धातूची छोटी चौकट लखलखीत होती. एक रीळ जरी तिच्यावरून गेलं असतं तरी कडेला बारीक भुकटी राहिली असती. गेल्या खेपेला त्याने स्वतः कापसाने ती पुसली होती. त्यानंतर ह्या कॅमेऱ्यातून फिल्म गेलीच नव्हती.

पलीकडे लेथ मशीन घरघरत होतं. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा गाळा त्याच्या भाच्याचा, रसेलचा. खिडकीजवळचं टेबल आणि दोन कपाटं एवढाच भाग अर्बनचा. तिथे बसून तो सुपर एटचे, सोळा एमएमचे जुने कॅमेरे दुरुस्त करायचा. सुटे भाग आता कुठेच मिळत नसत. दात तुटलेलं चाक रसेलकडून नवं कातून घ्यायचं, विरघळलेल्या पट्ट्याच्या जागी रबर कापून बसवायचं. स्क्रू हरवू नयेत म्हणून घरचं जुनं इडलीपात्र त्याने टेबलावर आणून ठेवलं होतं. हल्ली लग्नाचं शूटिंग करणारी मुलं जुना लूक हवा म्हणून हे कॅमेरे शोधत यायची आणि झाकण कसं उघडतात इथपासून विचारायची.

सुबोधला तसं काही विचारावं लागलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तो कापडी पिशवीत हा कॅमेरा घेऊन आला होता. जवळच्याच एका स्टुडिओत तो एडिटिंग करायचा. तिथल्या अडगळीत सापडलेला हा जपानी कॅमेरा मालकाने त्याला देऊन टाकला होता. "अंकल, हा उठेल का?" त्याने विचारलं होतं. उठला. मग तो दर महिन्याला यायला लागला, काम नसलं तरी. अर्बनने त्याला सांगून ठेवलं होतं, "चालवत राहायचा. फिल्म नसली तरी महिन्यातून एकदा फिरवायचा. पडून राहिला की आतलं ग्रीस गोठतं, मग मी पण काय करू शकत नाय."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सुबोध गेला. चौतीस वर्षांचा होता. अर्बनला ते एप्रिलमध्ये दुसऱ्याच कोणाकडून कळलं. भांडुपला जाऊन यावं असं त्याने बऱ्याचदा ठरवलं, पण तो गेला नाही. आणि आज सकाळी फोन आला, "मी सुबोधची आई बोलतेय, प्रेमा."

"मोटर बंद पडली म्हणालात ना, ताई?" अर्बन म्हणाला.

"हां. बटण दाबलं की नुसतं टक् होतं." प्रेमाने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. "रिकामा आहे ना आतून?"

अर्बनचा हात थांबला.

"लपवू नका. मला माहीत आहे. त्याच्यासाठीच आलेय मी. मोटरचं नुसतं निमित्त."

रसेलने लेथ बंद केलं. अचानक झालेल्या शांततेत ती आवाज खाली आणून बोलू लागली.

"हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आता घरी ठेवा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. एक दिवस म्हणाला, आई, कॅमेरा काढ, मशीन फिरवायला पाहिजे, जाम होईल. त्याच्या हातात ताकद नव्हती, म्हणून मी धरला. तेवढ्यात हे आत आले, त्याचे वडील. म्हणाले, फिल्म घेतेस? मी काही बोलायच्या आत सुबोध म्हणाला, हो बाबा, शूटिंग आहे. रोज घ्यायचं, चार वाजता."

"आणि तुम्ही..."

"मला पण तेच सांगितलं त्याने, की रीळ आहे आत. पण बाजूला तो काटा असतो ना, किती फिल्म गेली ते दाखवणारा? चांगला होता तेव्हा त्यानेच मला शिकवलं होतं ते. काटा हलतच नव्हता." तिने पर्सचा पट्टा सरळ केला. "मी नाही विचारलं. कारण चार वाजायला आले की तो उठून बसायचा. दाढी करून मागायचा. इस्त्रीचा शर्ट मागायचा. आणि मला त्याच्याकडे बघता यायचं. एरवी बघत बसले की चिडायचा, काय बघतेस सारखी. कॅमेरा डोळ्याला असला की काही बोलायचा नाही. चार महिने रोज बघितलं मी त्याला."

अर्बनने झाकण लावून कॅमेरा टेबलावर ठेवला. ठेवताना तो इडलीपात्राला लागला, दोन स्क्रू घरंगळत खाली गेले. तो वाकून ते शोधू लागला.

"यांना वाटतं रीळ आहे," वरून प्रेमाचा आवाज आला. "तो गेल्यापासून विचारतायत, धुवायला कधी देणार, कधी येणार. मी आज-उद्या करत वर्ष काढलं. आता स्वतःच घेऊन निघाले होते तुमच्याकडे. म्हणून मी आले. अर्बनभाऊ, तुम्ही घरी याल का? यांना सांगाल का, रीळ खराब झालं म्हणून? मी सांगितलं तर पटायचं नाही. माझ्या तोंडावर दिसेल. तुम्ही कारागीर माणूस. तुमचं ऐकतील."

अर्बन टेबलाखालून वर आला. त्याच्या हातात एकच स्क्रू होता.

"सांगतो," तो म्हणाला. "माझ्या हातून खराब झालं म्हणून सांगतो."

"तुमच्यावर कशाला घेता? जुनं होतं म्हणा."

"नाय. माझ्याच हातून."

प्रेमाने हात जोडले. त्याने पुन्हा टेबलाखाली मान घातली आणि ती जिना उतरून जाईपर्यंत दुसरा स्क्रू शोधत राहिला.

मोटरमध्ये फारसं काही नव्हतं. बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवा गंज चढला होता. तो खरवडून, तार नवी लावून, संध्याकाळी त्याने बटण दाबलं तेव्हा कॅमेरा एकसारखा गुणगुणला. रोज फिरवल्यामुळे आतलं ग्रीस अजून लोण्यासारखं मऊ होतं.

गोराईला घरी पोचल्यावर त्याने हातपाय धुतले नाहीत. तसाच फ्रिज उघडला आणि व्हिनेगरच्या बाटलीमागून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पिवळा खोका काढला. त्याची बायको आयडा मासे साफ करत होती.

"ते कशाला काढलंस?"

"असंच."

"लिओना आता काय येत नाय रे ह्या नाताळला पण. फोन आलेला तिचा." तिने हात धुतले. मग त्याच्या तोंडाकडे बघून ती जवळ आली. "काय झालं?"

त्याने सांगितलं. सुबोधचा फोन आला होता, दीड वर्षापूर्वी. आवाज बारीक वाटला होता. बरं नाही म्हणाला, पण काय ते बोलला नाही. "अंकल, एक रीळ मिळेल का? एकच पाहिजे." अर्बनने क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, "नाय रे, स्टॉकच नाय. पुढच्या महिन्यात बघू." फ्रिजमध्ये हे एक होतं. लेक लिओना कॅनडाहून येणार होती, नातीचा बाप्तिस्मा इथेच करणार होती, त्यासाठी त्याने राखून ठेवलं होतं. लिओना आली नाही. बाप्तिस्मा तिकडेच झाला. खोका फ्रिजमध्ये राहिला.

"तुला काय माहीत तो एवढा आजारी होता," आयडा म्हणाली.

"विचारलं कुठं मी?"

 आयडाने खोका त्याच्या हातातून घेतला, तो बघत असताना पुन्हा जागेवर ठेवला आणि मग, काय वाटलं कोण जाणे, परत काढून टेबलावर त्याच्या पिशवीशेजारी ठेवला.

रविवारी चर्चहून परस्पर तो भांडुपला गेला. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार दशरथने उघडलं. आयुष्यभर कंपनीच्या स्टोअरमध्ये काढलेला, सरळ पाठीचा माणूस. त्याने अर्बनला पंख्याखालची खुर्ची दिली, स्वतः समोर लोखंडी पलंगावर बसला. पलंगावर चादर ताणून घातलेली होती आणि तो तिच्या अगदी कडेला बसला होता. भिंतीवर सुबोधचा फोटो होता, ऑफिसच्या ओळखपत्रासाठी काढलेला, मोठा केलेला.

अर्बनने पिशवीतून कॅमेरा काढून त्याच्या हातात दिला.

"मशीन चालू झालं, दशरथभाऊ."

"आणि रीळ?"

आत गॅसजवळ प्रेमा उभी होती. तिची पाठ दिसत होती.

"रीळ गेलं," अर्बन म्हणाला. "माझ्या हातून गेलं. उघडताना काळजी घ्यायला पाहिजे होती, घेतली नाय. उजेड लागला."

"सगळं?"

"सगळं."

"एखादा तुकडा? नुसता चेहरा असला तरी?"

"नाय, भाऊ."

दशरथने कॅमेरा मांडीवर ठेवला. त्याच्या पट्ट्याचं बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं. प्रेमा चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"मी त्या वेळी घरात नसायचो," दशरथ म्हणाला. तो अर्बनशी बोलत होता, पण बघत होता कॅमेऱ्याकडे. "चार वाजले की चपला घालून खाली जायचो. नाक्यापर्यंत, कधी टेकडीच्या बाजूला. ही बोलायची, बसा ना जरा त्याच्यासमोर. मला बघवायचं नाही हो. त्याचे हात बघितले असते तर... कसा धडधाकट पोरगा होता. म्हटलं, ही शूटिंग घेतेय ना, मग नंतर बघू. सगळं उरकल्यावर सावकाश बघू. सोसेल तेव्हा."

कपातला चहा बशीत सांडला. प्रेमाने तो पुसला नाही.

"माका कधी सांगूक नाय तुमी," ती म्हणाली. इतका वेळ शहरातलं बोलणाऱ्या तिच्या तोंडी एकदम गावचं आलं.

"काय सांगतलंय, बघवना नाय म्हणान?" दशरथ म्हणाला.

 खालून भाजीवाल्याची हाक आली आणि पुढे निघून गेली. मग दशरथने मान वर केली. अर्बनला वाटलं, आता हा माणूस आपल्याला बोलेल, शिव्या घालेल, आणि ते बरं होईल. तो खुर्चीत सावरून बसला.

दशरथने पुढे वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मुद्दाम थोडंच केलंत? चहा घ्या. गार होतोय."

अर्बनने चहा घेतला. तो गोड होता की अगोड, हे त्याला नंतर आठवलं नाही.

निघताना प्रेमा त्याला सोडायला खाली आली. इमारतीच्या दाराशी स्कूटर लावलेल्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत दोघं फाटकापर्यंत आले.

"माझ्यासाठी खोटं बोलायला लागलं तुम्हाला," ती म्हणाली. तिचा चेहरा वर घरात होता त्यापेक्षा थकलेला होता. "मला काय ठाऊक, हे नंतर बघायचं म्हणून थांबलेत. ठाऊक असतं तर हाताला धरून बसवलं असतं. सांगितलं असतं, अहो, आत काही नाही, आत्ताच बघून घ्या."

"ताई."

"काय?"

"त्याने फोन केला होता मला. तेव्हाच. रीळ मागायला. मी नाय म्हटलं." अर्बनचा हात पिशवीत होता. बोटं खोक्याच्या कडेवर होती. "माझ्याकडे होतं. एक होतं. घरच्यासाठी ठेवलेलं."

फाटकाबाहेर एक रिक्षा येऊन थांबली. कोणीतरी उतरलं, सुट्ट्या पैशांवरून काही बोलणं झालं, रिक्षा वळून गेली. प्रेमा ती जाईपर्यंत तिच्याकडे बघत होती.

"एका रिळात किती वेळ मावतो?" तिने विचारलं.

"तीन मिनिटं. थोडं वर."

"तीन मिनिटं." तिने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "यांना पुरली असती."

अर्बनने पिशवीतून हात बाहेर काढला. तो रिकामाच होता. खोका काढून तिच्यासमोर धरायचं त्याचं धाडस झालं नाही.

"हे मला कशाला सांगितलंत, भाऊ?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत असावी तसं तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने पदर खांद्यावर घट्ट घेतला.

"यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "हेही माझ्याकडेच राहू दे."

आणि स्कूटरींमधून वाट काढत ती जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीशी ती थांबली, कठड्याला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. वर दार उघडण्याचा आवाज झाला आणि दशरथने तिला हाक मारली, "गेले काय गो ते?"

"गेले," तिने खालूनच सांगितलं, आणि चढू लागली.