देवतळे सरांच्या खुंट्या

“आता तूच सांग अपेक्षा, हे काय माणसाचं वागणं झालं? काल पाऊण तास मला कपाटासमोर उभं केलं. म्हणे ‘ते दे’. ते म्हणजे काय? तर ‘पांढरं’. टॉवेल दिला, नको. बंडी दिली, नको. रुमाल झाले, गोळ्यांची डबी झाली, माझी ठेवणीतली शालसुद्धा काढून झाली. प्रत्येकाला नुसती मान हलवायची, जसं काही मी परीक्षेला बसलेय आणि हे परीक्षक! शेवटी स्वतःच खालच्या कप्प्यात हात घातला आणि काय काढलं? खडूचा डबा! मग हे आधी सांगता येत नव्हतं?”

“नव्हतं येत, आजी,” अपेक्षा म्हणाली. “तेच तर येत नाहीये त्यांना.”

सत्यशीलाबाई काल काढलेल्या शालीची घडी घालू लागल्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण रागाला कुठेतरी जागा द्यावी लागते, आणि मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटरवरून येणारी ही वाचा-उपचारवाली पोरगी निदान ऐकून तरी घ्यायची.

श्रावणात त्यांच्या यजमानांना, देवतळे सरांना, अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, भूक तर पहिल्यापेक्षा वाढली. गेली ती फक्त नावं. ये, जा, दे, उघड, गरम, थंड, उद्या, परवा हे सगळं जागेवर होतं. पण कप, चष्मा, मुलगा, वाघोली, गुरुवार यांतला एकही शब्द बोलावल्यावर येईना. इंग्रजीतलेही नाहीत आणि मराठीतलेही नाहीत. “ते दे… बघायचं… कानावर बसतं,” असं म्हणाले की चष्मा समजायचा.

आणि हे व्हावं कुणाला? तर खडकीच्या शाळेत पस्तीस वर्षं सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला. दर जूनमध्ये त्यांचा पहिला धडा ठरलेला असे, नाउन. संध्याकाळी घरी शिकवणीला पोरं बसत आणि भिंतीपलीकडे भाकऱ्या थापताना सत्यशीलाबाईंना सगळं ऐकू येई. “नाउन म्हणजे खुंटी, बाळांनो. माणसाचं नाव, गावाचं नाव, वस्तूचं नाव, हात न लागणाऱ्या गोष्टीचंही नाव. खुंटीच नसेल तर बाकीचं वाक्य टांगणार कशाला?” चौथीतून शाळा सुटलेल्या सत्यशीलाबाई मनात म्हणत, कपाला कप म्हणायचं हे सांगायला सरकार पगार देतं म्हणजे सरकारकडे पैसा उतू चाललाय. आणि हे मनातलं त्या जेवताना तोंडावरही म्हणून दाखवत.

“आजी, एक सांगू?” अपेक्षा म्हणाली. “ते अडले की तुम्ही पटकन शब्द देता. देऊ नका. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. त्यांना शोधू दे.”

“वीस मोजेपर्यंत माझं दूध उतू जातं.”

“जाऊ दे एखादे दिवशी.”

सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे ज्या जिभेला वचकून असत, ती जीभ दाताखाली धरायची म्हणजे सोपं काम नव्हतं.

खडूचा डबा कशासाठी हवा होता, ते शनिवारी कळलं. निवृत्तीनंतर दोघं मुलाकडे, शंभूकडे, वाघोलीच्या या अकरा मजली सोसायटीत राहायला आली तेव्हापासून सर दर रविवारी खालच्या हॉलमध्ये वर्ग घेत. सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी. त्यांच्या मॅडम लोकांचे निम्मे हुकूम इंग्रजीत असायचे. बास्केट बाल्कनीत ठेव, बाऊल मायक्रोवेव्हमध्ये नको, डिटर्जंट संपलं की मेसेज कर. बायकांना घाबरायला होई. सरांनी त्यांना एकेक शब्द हातात ठेवल्यासारखा दिला. श्रावणापासून वर्ग बंद होता. शनिवारी सेक्रेटरी सलिल वर आला.

“काकू, तसं वाईट वाटतं सांगायला, पण हॉल रिकामाच राहतोय. नाचून व्यायाम करणारे ते झुंबावाले मागतायत. सर उद्या येणार असतील तर प्रश्नच नाही. नाहीतर पुढच्या रविवारपासून त्यांना देऊन टाकू म्हणतो.”

“देऊन टाका,” शंभू म्हणाला. “बाबांना आता लोकांसमोर उभं करायचं नाही. कुणी हसलं तर मला बघवणार नाही.”

सर खुर्चीतून उठले. “मी… शिकवणार.”

“काय शिकवणार, बाबा?” शंभूचा आवाज कठोर नव्हता. तेच जास्त लागलं.

सरांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. खडूचा डबा मात्र त्यांनी छातीशी धरला.

“काहून त्यांना अडवतो रे?” सत्यशीलाबाई कडाडल्या. फार चिडल्या की वर्ध्याकडचं माहेर असं तोंडातून बाहेर पडे. मग सलिलकडे वळून शुद्ध पुणेरीत म्हणाल्या, “उद्या दहाला हॉल उघडा ठेवा. आणि पंखे पुसून घ्या, जाळी धरलीय.”

सलिल गेल्यावर त्यांनी अपेक्षाला फोन लावला. ती म्हणाली, “जाऊ दे त्यांना. तुम्ही सोबत बसा. पण आजी, तिथे तुमच्या तोंडून एक शब्द निघता कामा नये.”

रविवारी चौदा बायका आल्या. सतरंजीवर पुढे आम्रपाली, तीन घरची कामं आटपून साडीचा ओचा अजून खोचलेला तसाच. “सर, बरं हाय ना आता?” तिनं विचारलं. सरांनी मान डोलावली. तिचं नाव त्यांना आठवत नव्हतं, हे सत्यशीलाबाईंना त्यांच्या हसण्यावरून कळलं. खडकीत साठ पोरांची हजेरी हा माणूस वही न उघडता घ्यायचा.

सत्यशीलाबाई सगळ्यांत मागे बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन. सलिल दाराला टेकून उभा होता.

सरांनी शाळेतून निरोपाला मिळालेला गुंडाळफळा खिळ्याला लावला, खडू घेतला आणि वळले.

“टुडे,” ते म्हणाले. “टुडे वी लर्न…”

आणि थांबले.

सत्यशीलाबाईंना उरलेला शब्द माहीत होता. इंग्रजीतले दहावीस शब्द त्यांच्या मालकीचे असतील, त्यातला हा पहिला. भिंतीतून पस्तीस जून तो ऐकला होता. जिभेच्या टोकावर येऊन तो नुसता थडथडत होता. त्यांनी मोजायला सुरुवात केली. सातला कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. अकराला सलिलने मोबाइल काढला. पंधराला एक नवीन मुलगी फिसकन हसली आणि आम्रपालीनं तिला कोपराने ढोसलं. वीस झाले. फळा काळाच होता. सत्यशीलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

दुसऱ्या वेळी नऊपर्यंत आल्या असतील, तेव्हा सर हलले. ते सरळ मागे आले, बायकोच्या पिशवीत हात घातला आणि गोळीसाठी आणलेला स्टीलचा पेला काढला. पुढे जाऊन तो उंच धरला. मग दुसऱ्या हाताचं बोट कपाळावर ठेवलं.

“हिअर… गॉन. ऑल गॉन,” ते म्हणाले. “आय डोंट हॅव. यू हॅव. यू गिव्ह मी.” आणि पेला हलवत, “वी ड्रिंक… इन धिस.”

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग आम्रपाली ओरडली, “ग्लास!”

“अ ग्लास!” सरांचा चेहरा उजळला. एकदा कुणी दिला की शब्द त्यांना म्हणता येई. त्यांनी फळ्यावर एक खुंटी काढली, भिंतीत ठोकलेली, पुढे थोडी वाकलेली, आणि खडू आम्रपालीच्या हातात दिला. तिनं खुंटीखाली तो शब्द लिहिला. तो खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला.

मग पाणी ओतलं. “वॉटर!” चौघीजणी. “अ वॉटर!” मघाची हसलेली मुलगी. सरांनी मान हलवली, पाण्यात बोट बुडवलं, थेंब पडू दिला. “वन,” म्हणाले, “टू,” आणि ग्लास हेलकावून दाखवला. कुठला एक आणि कुठला दोन?

“मोजता येत नाही,” आम्रपाली हळूच म्हणाली. “मग पुढं अ नको.”

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की शिष्यवृत्ती लागलेल्या पोराकडेही कधी पाहिलं नसेल.

नंतर त्यांनी एकेकीसमोर हात जोडून तिचं नाव विचारलं. चौदा नावं, चौदा मोठ्या खुंट्या, प्रत्येकीचं पहिलं अक्षर मोठं. मग आम्रपालीला पुढे उभं केलं, मधोमध दुसरीला पिण्याची नक्कल करायला सांगितलं आणि शेवटी तिसरीच्या हातात ग्लास दिला. “आम्रपाली ड्रिंक्स वॉटर.” मग पहिलीला आणि तिसरीला जागा बदलायला लावली.

“वॉटर ड्रिंक्स आम्रपाली,” कुणीतरी वाचलं.

“अगं बाई, मला बुडवलं की सर!” आम्रपाली ओरडली आणि हॉल हसून हसून आडवा झाला. इंग्रजीत आधी येणारं नाव काम करतं आणि मागून येणाऱ्या नावावर ते काम होतं, जागा बदलली की जीवच जातो, हे चौदाजणींना कुणी न सांगता कळलं. सत्यशीलाबाईंनाही कळलं. त्यांनी पदराचा बोळा केव्हा सोडला, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या बघत होत्या. कुणी शब्द दिला तर या माणसाला लाज वाटेल, असं त्या इतके महिने धरून चालल्या होत्या. म्हणून घाईघाईनं, झाकल्यासारखा, त्या तो पुढे करत. आणि हा आपलं रिकामं कपाट सताड उघडून बसला होता, या, भरा म्हणत. जे हरवलं त्याचाच त्यानं धडा केला होता. बायका घाबरत नव्हत्या. सरांना शब्द द्यायचा तर घाबरून कसं चालेल?

“लास्ट,” सर म्हणाले. “नो टच. नो सी.” त्यांनी सावकाश बोट उचललं आणि शेवटच्या रांगेकडे केलं. “शी… हॅज. मच.”

“राग!” तेरा तोंडांनी एकदम सांगितलं. आणि आम्रपाली, “अँगर, सर!”

दारात सलिलही हसला. सत्यशीलाबाई लालबुंद झाल्या, पण तोंड उघडलं नाही. सरांनी त्यांच्याकडे जपून पाहत खुंटी काढली. तिच्यापुढे अ लावायचा का, विचारल्यावर सगळ्या मिळून म्हणाल्या, “नाही सर, तो मोजताच येत नाही!”

बायका पांगल्या. सलिल जवळ आला. “काकू, झुंबा शनिवारी बसवतो,” एवढंच म्हणाला आणि खाली पडलेले खडूचे तुकडे वेचून डब्यात टाकून गेला.

सर दमले होते. गेटजवळच्या बाकावर दोघं टेकली. सत्यशीलाबाईंनी त्यांच्या सदऱ्यावरचा खडू झटकला. बाही, खांदा, पुन्हा बाही.

“कसं… झालं?” सरांनी विचारलं.

एक्कावन्न वर्षांच्या संसारात हे त्यांनी बायकोला कधी विचारलं नव्हतं. तिला यातलं काय कळणार, असं त्यांना वाटे, आणि तसं त्यांना वाटतं हे तिला माहीत असे.

सत्यशीलाबाईंना श्रावणातली दवाखान्यातली ती खाट आठवली. डॉक्टर म्हणाले होते, बाई, यांना नावानं हाक मारा, ओळखतात का पाहू. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “अहो, ऐकलंत का?” उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडाला ठाऊकच नव्हतं. सरांनी डोळे उघडले होते तेव्हा. पण पुढे सगळी नावं गेली, तेव्हा कितीदा मनात आलं की निदान एक तरी मी त्या दिवशी त्यांच्या हाती द्यायला हवं होतं.

गेटवर वॉचमन होता. असू दे. त्यांनी आकडे मोजले नाहीत.

“महिपती,” त्या म्हणाल्या. सरांनी चमकून पाहिलं. “महिपती देवतळे, पस्तीस वर्षं भिंतीपलीकडून तुमचं ते ऐकलं आणि नावं ठेवली. आज कळलं मला. चांगलं शिकवता तुम्ही.”