रेखाटन: कप्तान तावारिश

रूपालीने पुठ्ठ्याची पट्टी देवीच्या चित्राच्या काचेच्या चौकटीखाली टेकवून धरली.

"इथे बरी दिसेल ना, आजी?"

वत्सलाने डोळे बारीक केले. पट्टीवर 'शोध आणि रेखाटन' असं लिहून पुढे तिचं नाव घातलं होतं, माहेरचं. सासरी, धारगळला ते नाव कुणी कधी उच्चारलंही नव्हतं. चौकटीला आधीपासून चिकटवलेली पट्टी मात्र वेगळी होती: 'रेखाटन: कप्तान तावारिश.'

"आदीं ती काढ गो," वत्सला म्हणाली.

"पाहुणे आले की त्यांच्यासमोरच काढते. सगळ्यांना दिसू दे."

गोवा राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. डिचोलीतल्या एका सभागृहात जुन्या मूर्तींच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. रूपाली पणजीची, इतिहासाची अभ्यासक. त्या पोर्तुगीज कप्तानाच्या जुन्या पुस्तकात देवीचं हे चित्र पाहताच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. ही रेघ लिस्बनच्या माणसाची नव्हती. देवळाच्या भिंतीवर कावीची नक्षी कोरणाऱ्या हाताची होती. माग काढत ती धारगळच्या हमरस्त्यावरच्या चहाच्या दुकानात पोचली तेव्हा वत्सला उंडे-पाव कापत बसली होती.

वत्सलाचा बाप चुन्याच्या भिंतीला तांबड्या मातीचा हात देऊन सुईने वेलबुट्टी कोरायचा. त्याचा हात कापू लागला तशी सुई लेकीकडे आली. मुळगावापलीकडच्या त्यांच्या रोयणवाडीत कप्तान खणायला आला, तेव्हा वारुळापाशी जमीन पोकळ वाजते हे त्याला तिनेच दाखवलं. काथ्याच्या कुंचल्याने देवीच्या अंगावरची माती तिने झाडली. देवीचं चित्र तिनेच काढलं, पायथ्याची अक्षरंही वाचता येत नसताना जशीच्या तशी उतरवली. कप्तान माडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसे.

चित्र तेवढं लिस्बनला जाईल, देवी इथेच राहील, असा शब्द त्याने दिला होता. मग एके सकाळी देवीच बैलगाडीत चढली.

कप्तान गेला. वाडीला राग काढायला वत्सला उरली. "हिणें दाखयली म्हणान त्याणें व्हेली." बापाला पुन्हा देवळाची भिंत मिळाली नाही, लोकांच्या गोठ्यांना चुना लावता लावता तो मेला. तिला धारगळच्या एका बिजवराच्या गळ्यात बांधली. तिथे गेल्यावर तिने सुईने फक्त कपडे शिवले.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. आत माणसं आली ती रोयणवाडीची, आणि पुढे काठी टेकत कृष्णनाथ. वत्सलाच्या घरावर पहिला दगड पडला होता तो याच्या हातचा. तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याची नजर तिच्यावर आली, क्षणभर थबकली. त्याने ओळखलं. मग रिकाम्या भिंतीवरून फिरवावी तशी त्याने ती पुढे फिरवली.

चौकटीसमोर त्याने वहाणा काढल्या.

"आयलंय गे माये," तो पुटपुटला आणि त्याला रडू कोसळलं.

बायकांनी काचेला कुंकू लावलं. अबोलीच्या वळेसर-गजऱ्यांनी चौकट झाकत आली. दारापर्यंत रांग लागली. कृष्णनाथाने डोळे पुसले, वाकून खालची पट्टी वाचली.

"चोरटो तो," तो म्हणाला, "पण हात मात्र देवाचो."

रूपालीचा चेहरा उजळला. पट्टी उंचावून ती पुढे झाली. "आजोबा, हा हात कुणाचा—"

वत्सलाने तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात एवढं बळ असेल असं रूपालीला वाटलं नव्हतं.

"सांगू नको."

"अहो आजी, आजच्यासाठीच तर सगळं केलं आपण!"

"माझा नाव ऐकला काय फुलां काढून व्हरतले."

"इतकी वर्षं झाली. कुणाच्या मनात काय राहिलं असेल?"

"तो माका कसो बघलो, तां बघलंस मगे?"

रूपालीने उंचावलेली पट्टी खाली घेतली. हळूच म्हणाली, "मग नाव त्याचंच राहणार."

"रवांदे," वत्सला म्हणाली. "चोराच्या नावाखाली तरी हात जोडतत."

तिने मनगट सोडलं. रूपालीने पट्टी पिशवीत सरकवली आणि ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

वत्सला चौकटीकडे निघाली. देवीचे डोळे तिने अगदी शेवटी रेखले होते, श्वास रोखून. ते कसे उतरले होते एवढंच तिला पाहायचं होतं. फुलांचं ताट घेतलेली वाडीतली एक तरुण सून आडवी आली. तिने वत्सलाला कधी पाहिलेलं नव्हतं. आवाजात आदर होता.

"आजी, मदीं घुसू नकात. रांगेन येवा."

वत्सलाने रांगेकडे पाहिलं. पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि ती दाराशी, शेवटच्या माणसामागे जाऊन उभी राहिली.