फूटपट्टीकाकांचं वळण

ऐक ना, आधी नुसतं ऐक. तर फूटपट्टीकाकांनी भर माळावर ग्रेडर थांबवला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चक्क उकिडवे बसले. पात्यासमोर हातभर अंतरावर बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी कासव.

ग्रेडर म्हणजे ते रस्ता सपाट करायचं लांबलचक मशीन. काका एकतीस वर्षं तेच चालवतायत, आणि रस्ता इतका नाकासमोर सरळ काढतात की नावच पडलं फूटपट्टी. काकू तर म्हणतात, यांना पोळीसुद्धा चौकोनी लागते.

आता तू म्हणशील, उचलायचं आणि ठेवायचं बाजूला. अरे, तेच केलं होतं ना त्यांनी! आदल्या आठवड्यात तीन उचलली. तिन्ही शर्टावर मुतली, काका आपले हसत घरी. मग कासवं मोजायला येणारी एक ताई भेटली. तिने सांगितलं, ही जात आता या एवढ्या माळावरच उरलीये. आणि घाबरून ती जे सोडतात ना, ते उन्हाळाभर पुरवायचं पाणी असतं. ते गेलं की पावसापर्यंत जगतीलच असं नाही. त्या दिवशी काकांनी डबा उघडलाच नाही.

म्हणून या वेळी पातं वर घेतलं, मशीन मागे घेतलं आणि बिळाला लांबून वळसा घालून रस्ता काढला. उभ्या आयुष्यातलं पहिलं वाकडं काम!

दुपारी इंजिनिअर साहेब आले. एकदा नकाशा बघतायत, एकदा रस्ता. म्हणाले, सरळ करा हे. काका त्यांना बिळापाशी घेऊन गेले, ताईने सांगितलेलं सगळं सांगितलं. साहेबांनी वाकून बघितलं, नकाशाची घडी घातली.

मग म्हणाले, "काका, वळण राहू दे. पण नकाशात ते नाहीये, मी वर काय सांगू? ड्रायव्हरच्या हातून चूक झाली, असं लिहून द्याल?"

रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत रे! एकतीस वर्षांत फाइलवर एक डाग नाही.

काकांनी हात पँटला पुसले. म्हणाले, "कसं लिहायचं ते सांगा. सवय नाही मला."

आणि ग्रेडरच्या चाकावर कागद टेकवून सावकाश सही केली. तिकडे कासव आपलं निवांत गवत खातंय.

खरं सांग, तू केली असतीस?