सात नंबरचा करकोचा

अहवालात माझं नाव नव्हतं. सहा वर्षं कंबरेएवढ्या चिखलात उभं राहून करकोचे मी पकडले, त्यांच्या पाठीवर यंत्रं मी बांधली, सात नंबरच्या नराने चोच मारून अंगठा फोडला तोही माझाच, आणि अहवालावर नाव एकट्या दादाचं! दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ आणि प्रकल्पाचा प्रमुख. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात लहानपणापासून पटाईत.

"चिमे, तुझं काम फाईल पाठवायचं," तो म्हणाला. "विचार करायला मी आहे ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, कर बाबा विचार.

उपग्रहाकडून आलेल्या नोंदी रोज सकाळी मी तपासायचे आणि शेजारी शेरा लिहून दादाला द्यायचे. त्या दिवसापासून शेरा बंद, नुसती फाईल. दादा फक्त नकाशा बघतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात सात नंबरचे ठिपके नदीपलीकडे एकाच जागी पडू लागले. आठ-दहा दिवस तेच पाहून दादाने टेबलावर थाप मारली. "घरटं! इतक्या उत्तरेला कुणालाच सापडलं नव्हतं!"

नकाशाशेजारी पक्ष्याच्या अंगाच्या हालचालीचा रकाना असतो; त्यात तोवर शून्यांवर शून्यं साचली होती. अंडी उबवणारा पक्षीसुद्धा अंग हलवतो, पिसं साफ करतो. मी गप्प बसले. गप्प बसण्यात एवढी मजा असते हे मला नवीनच कळलं.

महिन्याने भरल्या सभागृहात दादाने घरटं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग पहिल्या रांगेतल्या वयस्क प्राध्यापक बाईंनी पडद्यावरच्या नकाशाशेजारी बोट दाखवून विचारलं, "हालचालीचा रकाना पाहिलात का हो? पक्षी मेलाय तुमचा."

दादा पांढराफटक पडला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझं काम फाईल पाठवायचं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. सहा वर्षांचा चिखल एका वाक्यात त्याच्या तोंडाला फासला.

बाईंनी पडद्यावर फाईल सुरुवातीपासून उघडायला लावली. पहिले दोन दिवस शून्यं नव्हती. ठिपका जागचा हलत नव्हता, पण रकान्यात आकडे उसळत होते.

"जाळ्यात अडकला असणार," बाई म्हणाल्या. "दोन दिवस धडपडत होता. कुणी वेळेवर गेलं असतं तर वाचला असता. हे आकडे कुणीच पाहिले नाहीत?"

मी पाहिले होते, पहिल्याच सकाळी. शेरा लिहायला हातही पुढे गेला होता. मग दादाचं वाक्य आठवलं, आणि मी नुसती फाईल पाठवली.