अकरा वीसनंतरच्या पाच पिशव्या

मला राग लवकर येतो, हे सगळ्या रक्तपेढीला ठाऊक आहे. त्या दिवशी तो मी भलत्याच माणसावर काढला.

जयंतीच्या रक्तदान शिबिरात आमच्या वस्तीतून तीनशे बारा पिशव्या रक्त जमलं होतं. यंदा कागदी फॉर्म नकोत, रक्तदात्याची माहिती मोबाइलवरून थेट सिस्टीममध्ये जाऊ दे, हा हट्ट माझाच. सात रस्त्याजवळच्या या रक्तपेढीत कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. पिशवीवर फक्त नंबर असतो. तो कुणाचा, ते सर्व्हर सांगणार. आणि रक्त कुणाचं ते माहीत नसेल, तर पिशवी फेकायची, असा नियम.

दोन दिवसांनी सकाळी सर्व्हरची डिस्क कटकट वाजायला लागली. पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, बंद करू नका. बंद केला तर पुन्हा चालू होईलच असं नाही."

पण बॅकअप होता की. आमचे जुने टेक्निशियन कल्लप्पाकाका रोज दुपारी डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचे. दसऱ्याला त्या पेनड्राइव्हना कुंकूसुद्धा लावायचे. पहिला लावला, काही उघडेना. दुसरा, तिसरा. सहाच्या सहा कुचकामी. सिस्टीम चालू असताना सरळ फोल्डर कॉपी केलेला. एसटीत माणसं चढत-उतरत असताना डोकी मोजावीत, तसला प्रकार. अर्धं जुनं, अर्धं नवं, धड काहीच नाही. आणि चार वर्षांत एकदाही कुणी उघडून बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"चार वर्षं कचरा साठवलात, काका," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

काकांच्या हातात त्यांची नेहमीची लाल वही होती. खिडकीवर काय आलं, काय गेलं, ते अजून पेनानं लिहायचे. मी ती ओढून घेतली आणि कपाटात घालून कुलूप लावलं. "हे आधी थांबवा. नोंद एकच, एकाच ठिकाणी."

आता एकच उपाय होता. चालत्या सिस्टीमचा नीट बॅकअप घ्यायचा. कमांड देतो त्या क्षणाला डेटा जसा असेल तसा तो उतरतो आणि लोकांचं काम चालूच राहतं. काम थांबवणं शक्य नव्हतं. खिडकीशी बार्शीचा एक माणूस बाळंतिणीसाठी दोन पिशव्या मागत उभा होता. अकरा वीसला मी कमांड दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "कुणी थांबू नका, काही फरक पडत नाही."

वीस टक्के. डिस्क वाजतेय. पंचवीस. मी कुणाला नवस बोलणारी नव्हे, पण त्या डिस्कला हात जोडले.

तेवढ्यात अण्णा आले. माझे वडील, सिद्राम. दर जयंतीला रक्त देतात, यंदा मयतीला गेल्यामुळं शिबिर चुकलं. शिबिर चुकलेल्या आणखी चौघांना घेऊन आले होते.

"सोमवारी पासष्ट पुरी व्हत्यात मला," अण्णा म्हणाले. "मग तुमी घेणार न्हाय. ह्ये शेवटचं."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, या पाच जणांचं तेवढं वहीत लिहू का?"

"नको म्हटलं ना."

पाचांची माहिती मोबाइलवरून सिस्टीममध्ये गेली, पाचांनी रक्त दिलं. बारा वाजून पाच मिनिटांनी बॅकअप पूर्ण झाला. दहा मिनिटांनी डिस्क गप्प झाली, ती कायमची. दुपारी नव्या मशीनवर सगळं चढवलं. तीनशे बाराच्या तीनशे बारा नोंदी जागेवर. मी खुर्चीत बसून रडले. मधल्या वेळात खिडकीवरून गेलेल्या पिशव्यांचे नंबर मागणीच्या चिठ्ठ्यांवरून जुळवले.

मग फ्रीजमध्ये पाच पिशव्या दिसल्या, ज्यांची सिस्टीममध्ये नोंदच नव्हती. बॅकअप अकरा वीसचा. अण्णा त्यानंतर आले होते. बॅकअप कसा चालतो हे मला पाठ होतं, पण त्यात अण्णा सुटतील हे डोक्यातच आलं नाही. नावं पाच, नंबर पाच, आणि कुठला कुणाचा ते कुणालाच सांगता येईना. अण्णांसकट तिघं ओ पॉझिटिव्ह, उरलेले दोघं बी पॉझिटिव्ह. अंदाजानं कुणाच्या अंगात रक्त घालता येत नाही.

कुलूप काढून मी वही काकांच्या हातात दिली. त्यांनी त्या दिवसाचं कोरं पान उघडलं, बघितलं आणि मिटलं. पाचही पिशव्या मीच फेकायला काढल्या.

संध्याकाळी घरी अण्णांनी दरवर्षीसारखंच विचारलं, "कुणाला लागंल गं माजं रक्त?"

"कुणालाच नाही, अण्णा. फेकावं लागलं. माझ्या चुकीनं."

रक्त दिलं तिथल्या पट्टीवरून ते बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाकीच्या तीनशे बारा वाचल्या न्हवं?"

"व्हय."

"मग झालं की. रडतीस कशाला."

पण हातावरची पट्टी त्यांनी काढली नाही. सोमवारी पासष्ट पूर्ण झाली, तेव्हाही ती हातावर होती.